चहा नको, 'क्वार्टर' नको : झोपण्याआधी प्यायचा शांत पेला घरच्या घरी कसा बनवाल?

छत्रपती संभाजीनगर, प्रतिनिधी : दिवसभर कापूस वेचून, मका सोंगून, अद्रकीला पाणी देऊन माणूस घरी येतो. अंग आंबलेलं असतं, डोळे चुरचुरत असतात, पण अंथरुणावर पडलं की डोळ्याला डोळा लागत नाही. ही तक्रार सिल्लोडपासून पैठणपर्यंत कुठल्याही पारावर ऐकायला मिळते. त्यावर दोन घरगुती इलाज सर्रास केले जातात. कोणी शीण घालवायला रात्री नऊला कपभर कडक चहा घेतो, तर कोणी 'झोपेपुरती' म्हणून देशीची क्वार्टर जवळ करतो. हे दोन्ही इलाज झोपेच्या मुळावर येतात.

यापेक्षा सोपा, स्वस्त आणि घरात सगळ्यांना चालणारा पर्याय स्वयंपाकघरातच आहे. दूध, वेलदोडा, चिमूटभर जायफळ, बडीशेप, गवती चहाची पाती, ज्वारीचं पीठ, एवढ्यावर काम भागतं. मात्र जायफळासारख्या वस्तूंचं माप चुकलं तर त्रासही होतो. म्हणून कृती, माप आणि सावधगिरी तिन्ही इथे एकत्र दिलं आहे.

थोडक्यात :
• पेला अर्धा ते पाऊण, कोमट, झोपण्याच्या तासभर आधी.
• दुपारी चारनंतर चहा, कॉफी, एनर्जी ड्रिंक बंद.
• जायफळ चिमटीएवढंच. लहान बाळाला अजिबात नाही.
• दारू रोज लागत असेल तर ती अचानक बंद करू नका, आधी दवाखाना गाठा.

झोप नेमकी कुठे मोडते?

मोठ्या माणसाला रोज किमान सात तास झोप लागते. शेतकऱ्याच्या घरात ती सलग मिळणं अवघड झालं आहे. शेतीपंपाची वीज काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री येते. रात्रीच्या पाळीत गव्हाला, कांद्याला पाणी भरायचं म्हणजे मध्यरात्री उठून बॅटरी घेऊन वावरात जायचं. एक आठवडा रात्री जागायचं आणि दुसऱ्या आठवड्यात रात्री झोपायचं, हे शरीराला पटकन जमत नाही.

दिवसा वीज मिळावी म्हणून राज्यात मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० सुरू आहे. या योजनेतल्या सुरुवातीच्या प्रकल्पांपैकी एक आपल्याच जिल्ह्यात, वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावला आहे. तीन मेगावॅटचा हा प्रकल्प २०२४ मध्ये सुरू झाला. पण सगळ्या फीडरवर दिवसाची वीज येईपर्यंत रात्रीचं पाणी काही चुकत नाही.

झोप मोडणारं दुसरं कारण चहा. चहातलं कॅफिन शरीरातून लवकर जात नाही. साधारण पाच-सहा तासांनीही त्यातलं निम्मं रक्तात शिल्लक असतं. म्हणजे संध्याकाळी सातला घेतलेल्या चहाचा निम्मा जोर रात्री बारा-एकलाही कायम असतो. दूध जास्त घातलं म्हणून कॅफिन कमी होत नाही, ते पत्तीवर ठरतं. ग्रीन टी आणि कॉफीतही कॅफिन असतंच.

तिसरी भर आता किराणा दुकानात वीस रुपयांना मिळणाऱ्या एनर्जी ड्रिंकने घातली आहे. अशा २५० मिलीच्या बाटलीत साधारण ७० ते ७५ मिलीग्रॅम कॅफिन असतं, म्हणजे दोन कप चहाच्या आसपास. संध्याकाळी क्रिकेट खेळून आलेली पोरं ती पितात आणि मग रात्री एकपर्यंत मोबाइल घेऊन जागी राहतात.

झोपण्याआधी भरलेला तंबाखूचा बारही यातच मोजा. त्यातलं निकोटिन मेंदूला जागं ठेवतं. 'बार भरला की बरं वाटतं' ते तलफ भागल्यामुळे, झोप आल्यामुळे नव्हे.

'घोट घेतला की झोप लागते' : अर्धंच खरं

दारू प्यायल्यावर डोळा लवकर लागतो, हे खोटं नाही. म्हणूनच लोक तिला औषध समजतात. पण खरा हिशेब पुढच्या चार तासांत होतो. शरीर दारू पचवायला लागलं की रात्रीच्या उत्तरार्धात झोप तुटते. तोंड कोरडं पडतं, लघवीला उठावं लागतं, छातीत धडधडतं, स्वप्नं विस्कळीत पडतात. घशाचे स्नायू सैल पडून घोरणं वाढतं. ज्याचा श्वास झोपेत मध्येच अडकतो, त्याला तर जास्तच त्रास होतो. सकाळी उठल्यावर डोकं जड असतं. माणूस झोपलेला दिसतो, पण त्याची झोप झालेली नसते.

पुढची अडचण सवयीची. जेवढ्या दारूने आज झोप लागली, तेवढीने दोन महिन्यांनी लागत नाही. मग माप वाढतं. न घेतलेल्या रात्री झोप अजिबात येत नाही आणि माणसाला वाटतं, 'बघा, मला ही लागतेच.' खरं तर ती झोप दारूनेच बिघडवलेली असते. हातभट्टीची असेल तर तिच्यात काय मिसळलंय याचाही भरवसा नाही. जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभरावर माणसं दगावली होती.

आपल्या जिल्ह्यात वाळूज, चिकलठाण्यात बिअरचे कारखाने आहेत, त्यामुळे बिअर ही 'हलकी' असाही समज आहे. बिअरमधलं अल्कोहोल टक्केवारीने कमी असतं, पण बाटली मोठी असते. आता 'नॉन-अल्कोहोलिक' लिहिलेल्या बाटल्याही बाजारात आल्या आहेत. देशातल्या अन्नसुरक्षा नियमांत अर्धा टक्क्याहून जास्त अल्कोहोल असेल तर त्याला मद्य म्हणतात. म्हणजे अशा बाटलीत अर्धा टक्क्यापर्यंत अल्कोहोल असू शकतं. ज्याने नुकतीच दारू सोडली आहे, त्याला ती चव पुन्हा जुन्या वाटेवर नेऊ शकते. त्याने या बाटलीपासूनही लांबच राहावं.

पैशाचा हिशेबही करून बघा. देशीच्या एका क्वार्टरच्या पैशात घरातल्या चार माणसांचा रात्रीचा दुधाचा पेला निघतो.

कोजागरीचं दूध जागवतं की झोपवतं?

गंमत बघा. कोजागरीच्या रात्री मसाला दूध आटवतात ते जागण्यासाठी. 'कोण जागं आहे' असं विचारत लक्ष्मी फिरते, म्हणून चंद्र डोक्यावर येईपर्यंत गप्पा, भजनं चालतात. आणि तेच केशर-जायफळाचं दूध एरवी 'झोप छान लागते' म्हणून पाजतात. मग खरं काय?

खरं असं की दूध म्हणजे झोपेची गोळी नाही. दुधात ट्रिप्टोफॅन नावाचा घटक असतो आणि शरीर त्याच्यापासून झोपेला मदत करणारी द्रव्यं बनवतं, हे बरोबर आहे. पण एका पेल्यातलं त्याचं प्रमाण थोडं असतं. केवळ तेवढ्याने झोप ओढून येत नाही.

कोमट पेल्याचा उपयोग होतो तो वेगळ्या कारणांनी. एक, तो चहाची किंवा दारूची जागा घेतो, आणि हाच सगळ्यात मोठा फायदा आहे. दोन, अर्धपोटी झोपलेल्या माणसाला आधार मिळतो आणि भुकेने रात्री जाग येत नाही. तीन, तो रोज त्याच वेळेला, मोबाइल बाजूला ठेवून, शांत बसून प्यायला की मेंदूला खूण पटते, आता दिवस संपला. लहान लेकराला थोपटलं की झोप येते, तसंच हे. कोजागरीला दूध तेच असतं, पण सोबत दिवे, गाणी आणि गप्पा असतात, म्हणून जाग राहते. पेल्याबरोबर रात्र कशी जाते, यावर सगळं अवलंबून आहे.

म्हणून टीव्हीवर बातम्यांची भांडणं बघत किंवा रील्स सरकवत दूध प्यायलं तर काही उपयोग नाही. पेला हातात घेताना मोबाइल चार्जिंगला लावा, तोही अंथरुणापासून दूर.

कृती पहिली : जायफळ-वेलदोड्याचं दूध (एका माणसासाठी)

साहित्य : दूध पाऊण कप (साधारण १५० मिली), पाणी पाव कप, एका वेलदोड्याची पूड, जायफळ अगदी चिमटीभर, गूळ किंवा साखर अर्धा चमचा, तीही हवी असेल तरच.

१. दुधात पाणी घालून मंद आचेवर ठेवा. पाणी घातल्याने दूध रात्री पचायला हलकं पडतं आणि भांड्याला लागत नाही.
२. गोठ्यातलं धारोष्ण दूध असेल तर चांगली उकळी येऊ द्या. कच्च्या दुधातून जनावरांचे काही आजार, विशेषतः ब्रुसेलोसिस, माणसाला होऊ शकतात. पिशवीतलं पाश्चराइज्ड दूध नुसतं गरम केलं तरी चालतं.
३. उकळी आली की वेलदोडा घाला आणि दोन मिनिटं मंद आचेवर ठेवा.
४. गॅस किंवा चूल बंद केल्यावर जायफळ घाला. सहाणेवर दुधात दोन-तीन वेढे उगाळून घेतलं की माप बरोबर राहतं. किसणीवर किसायचं असेल तर दोन बोटांच्या चिमटीत मावेल तेवढंच घ्या.
५. गूळ घालायचा असेल तर दूध खाली उतरवून, थोडं निवल्यावर घाला. उकळत्या दुधात गूळ टाकला की दूध फाटण्याची भीती असते.
६. झाकून पाच मिनिटं ठेवा. ओठाला चटका बसणार नाही इतपत कोमट झालं की सावकाश, घोट-घोट प्या.

हळद आवडत असेल तर पाव चमचा हळद उकळतानाच घाला. हिंगोली-वसमतकडची हळकुंडं आपल्या बाजारात सहज मिळतात. ती घरी दळून घेतलेली बरी, कारण सुट्या, फार भडक पिवळ्या पुडीत रंगाची भेसळ असू शकते. हळदीने झोप येते असं नाही, पण हिवाळ्यात घसा शेकला जातो.

कन्नड, खुलताबाद, फुलंब्री भागात घरोघरी अद्रक असते, म्हणून ती दुधात टाकायचा मोह होतो. कच्च्या अद्रकीच्या रसाने गरम दूध नासतं. त्यासाठी अद्रक आधी पाव कप पाण्यात चांगली उकळून घ्या, मग त्यात तापवलेलं दूध घाला. अद्रक अगदी थोडी घ्या. ज्यांना छातीत जळजळ होते, त्यांनी रात्री ती टाळावी.

दूध पिऊन झालं की चूळ भरा, लेकरांना दात घासायला लावा. गोड दूध दातावर ठेवून झोपलं की दात किडतात.

कृती दुसरी : गवती चहा-बडीशेपेचा काढा

ज्यांना दूध पचत नाही, दूध प्यायलं की पोट गुडगुडतं किंवा गॅस होतो, त्यांच्यासाठी हा काढा. नाव 'गवती चहा' असलं तरी या पातीत कॅफिन नसतं. अट एकच, त्यात चहापत्ती टाकायची नाही.

साहित्य : गवती चहाची तीन-चार पाती, बडीशेप अर्धा चमचा, पाणी दीड कप.

पाती स्वच्छ धुवून घ्या. आपल्याकडे गवती चहा बहुतेक मोरीच्या पाण्यावर लावलेला असतो, म्हणून दोन-तीन पाण्यांनी धुतलेला बरा. पातीची गाठ बांधून पाण्यात टाका, बडीशेप हातावर चुरडून घाला. पाच मिनिटं उकळा, झाकण ठेवून पाच मिनिटं मुरू द्या, गाळून घ्या. अर्धा कप पुरे. जेवण जड झालं असेल, पोट फुगलं असेल तर या काढ्याने हलकं वाटतं आणि पोट हलकं असलं की कूस बदलत राहावं लागत नाही.

कृती तिसरी : ज्वारीची पातळ आंबील

घरात दुभतं जनावर नाही, दूध सगळं डेअरीला जातं किंवा महिनाअखेर आहे, अशा वेळी ज्वारी आहेच. म्हाताऱ्या माणसांनाही हे सोपं जातं.

साहित्य : ज्वारीचं पीठ एक मोठा चमचा, पाणी दीड कप, ताजं गोड ताक दोन-तीन चमचे, जिऱ्याची पूड आणि मीठ चवीपुरतं.

पीठ थोड्या गार पाण्यात कालवा, गुठळ्या राहू देऊ नका. उरलेलं पाणी उकळलं की त्यात हे कालवलेलं पीठ सोडा आणि सात-आठ मिनिटं ढवळत शिजवा. पिठाचा कच्चा वास गेला पाहिजे. खाली उतरवून जिरं, मीठ घाला, कोमट झाल्यावर ताक मिसळा. उन्हाळ्यात पीठ रात्रभर आंबवून आंबील करतात, तसं इथे करायचं नाही. रात्रीसाठी न आंबवलेली, पातळ, वाटीभरच. रक्तदाब असेल तर मीठ नावापुरतं.

जायफळ, खसखस, अश्वगंधा : माप महत्त्वाचं

जायफळ घरोघरी असतं, म्हणून ते निर्धोक वाटतं. एका जायफळाचं वजन साधारण पाच ते सात ग्रॅम भरतं. चहाचे दोन चमचे पूड, म्हणजे पाच ग्रॅमच्या आसपास, पोटात गेली तर मळमळ, छातीत धडधड, तोंडाला कोरड, गुंगी, भास असे प्रकार होतात. हा परिणाम लगेच दिसत नाही, काही तासांनी दिसतो. त्यामुळे 'एवढ्याने काही झालं नाही' म्हणत माणूस आणखी घेतो आणि फसतो. चिमटीभर म्हणजे चिमटीभरच.

लहान बाळाला झोपवण्यासाठी जायफळ उगाळून चाटवणं थांबवा. आई वेचणीला जाते, बाळाला म्हातारी सांभाळते, बाळ निजून राहावं म्हणून वेढे वाढतात. त्या इवल्या जिवाला केवढा डोस गेला ते कळत नाही. सहा महिन्यांपर्यंत बाळाला आईच्या दुधाशिवाय पाणीसुद्धा लागत नाही. वर्षाच्या आतल्या बाळाला मधही चाटवू नये.

खसखस भाजीच्या वाटणात आणि दुधात चालते. चमचाभर खसखस चार तास भिजवून, बारीक वाटून दुधात शिजवली की दूध दाट होतं. हे बी ज्या झाडाचं, त्याच झाडाच्या बोंडातून अफू निघते. बी बाजारात कायदेशीर मिळतं, पण बोंडाची टरफलं म्हणजे डोडा बाळगणं १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने गुन्हा आहे. 'झोपेचा काढा' म्हणून कोणी टरफलं देत असेल तर घेऊ नका. आणखी एक. संयुक्त अरब अमिराती, सिंगापूर अशा देशांत खसखस नेण्यालाही बंदी आहे. दुबईला कामाला जाणाऱ्या पोराच्या मसाल्याच्या डब्यात ती चुकूनही बांधून देऊ नका.

अश्वगंधाची पूड आता मेडिकलपासून यात्रेतल्या दुकानापर्यंत मिळते. गरोदर बायांनी ती घेऊ नये. थायरॉइडच्या, साखरेच्या, झोपेच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नये. ती घेऊन काही जणांच्या लिव्हरला त्रास झाल्याचीही नोंद आहे. डोळे, लघवी पिवळी दिसली तर लगेच बंद करून दवाखान्यात जा.

कोणी काय सांभाळावं?

• साखरेचे रुग्ण : पाऊण कप दुधात मुळातच सात-आठ ग्रॅम साखर असते. वरून साखर घालू नका, आणि गूळही नाही. रक्तातली साखर गुळानेही वाढतेच. रात्री अचानक घाम फुटून थरथर होत असेल तर साखर कमी झालेली असू शकते. अशा वेळी आधी साखर-पाणी द्या आणि सकाळी डॉक्टरांना सांगा.

• लोहाच्या गोळ्या घेणाऱ्या गरोदर बाया, मुली : आशाताईने दिलेली लोहाची गोळी दुधाबरोबर किंवा चहाबरोबर घेऊ नका, ती नीट अंगी लागत नाही. दोन्हींत किमान दोन तासांचं अंतर ठेवा.

• वयस्कर पुरुष : ज्यांना रात्री दोन-तीनदा लघवीला उठावं लागतं, त्यांनी अर्धा कपच घ्यावा आणि झोपण्याच्या दीड-दोन तास आधी.

• आम्लपित्त असणारे : दूध पिऊन लगेच आडवं होऊ नका. तासभर बसा, हळूहळू शतपावली करा.

• झोपेच्या किंवा मानसिक आजाराच्या गोळ्या चालू असलेले : जायफळ टाळा, साधं दूध चालेल. दारू आणि झोपेची गोळी एकत्र घेणं तर जिवावर बेतू शकतं.

• किडनीचे रुग्ण : दूध किती चालेल ते डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

घरातली एक गोष्ट मात्र कुठल्याही डॉक्टरला विचारायची गरज नाही. पहाटे सगळ्यात आधी उठते आणि रात्री सगळ्यात शेवटी आडवी होते, त्या बाईपर्यंत हा पेला पोहोचतो का? दूध आधी पुरुषांना, मग लेकरांना, आणि उरलंच तर तिला, असा क्रम बहुतेक घरांत असतो. चार माणसांचं दूध ठेवताना पाचवा पेला तिचा मोजा.

रात्रीच्या पाळीला पाणी भरणाऱ्यांसाठी

रात्रीची लाइट असलेल्या आठवड्यात हे वेळापत्रक करून बघा :

• संध्याकाळी लवकर जेवण करून, मोटार सुरू व्हायच्या आधी दोन-तीन तास डुलकी काढा.
• वावरात जाताना एक कप चहा घेतला तर हरकत नाही, जाग राहते. ओल्या दाऱ्यावर, अंधारात, स्टार्टरजवळ पेंगणं धोक्याचं आहे.
• पाळीच्या शेवटच्या चार-पाच तासांत चहा नको. थर्मासमध्ये गवती चहाचा काढा न्या, थंडीत ऊबही मिळते.
• पहाटे घरी आल्यावर अर्धा कप कोमट दूध किंवा आंबील घ्या आणि झोपा. खोलीत अंधार करा, खिडकीला गोधडी लावा.
• रात्रभर जागून सकाळी लगेच मोटारसायकल किंवा ट्रॅक्टर चालवू नका. जागरणानेही डोळ्यावर झापड येते आणि रस्ता चुकतो.

पेल्याने न भागणाऱ्या गोष्टी

काही वेळा झोप न येणं ही दुसऱ्याच आजाराची खूण असते. तिथे दूध आणि काढ्यावर वेळ घालवू नये.

फवारणीनंतरचा त्रास : फवारून आल्यावर डोकं दुखणं, चक्कर, मळमळ, खूप घाम, तोंडाला लाळ, अंधुक दिसणं ही विषबाधेची लक्षणं आहेत. 'दूध प्यायलं की विष उतरतं' हा समज खोटा आहे. कपडे बदला, साबणाने अंग धुवा, औषधाचा डबा किंवा त्यावरची चिठ्ठी सोबत घेऊन दवाखाना गाठा, १०८ ला फोन करा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही ओतू नका. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या हंगामात फवारणीच्या विषबाधेने वीसवर माणसं गेली, हे विसरू नका.

दारू सोडताना : बरीच वर्षं रोज पिणाऱ्याने एकदम बंद केली तर हातपाय कापणं, घाम, झटके, भास होऊ शकतात. पहिले दोन-तीन दिवस जास्त धोक्याचे. अशा माणसाला घरात कोंडून, दूध पाजून भागत नाही. छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात मनोविकार विभाग आहे, तिथे औषधांच्या आधाराने दारू सोडवता येते. जाताना घरचं एक माणूस सोबत जाऊ द्या.

मोठ्याने घोरणं, झोपेत श्वास अडकणं, दिवसा बसल्या जागी डुलक्या : हा झोपेतल्या श्वासाचा आजार असू शकतो, तपासणी करून घ्या.

चिंता : कर्जाचा हप्ता, पडलेला भाव, पोरीचं लग्न, अशा विचारांनी महिनाभर झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, जगण्यात राम वाटत नसेल तर ते मनात कोंडून ठेवू नका. 'टेली-मानस' ही सरकारी मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालू असते. मराठीत बोलता येतं आणि नाव सांगायची सक्ती नसते. घरातला, शेजारचा कोणी असा गप्प गप्प दिसत असेल तर त्याच्याजवळ जाऊन बसा, फोन तुम्ही लावून द्या.

बाकी रोजच्या साध्या शिणासाठी आठवडाभर एवढं करून बघा. दुपारी चारनंतर चहा नाही, नऊ वाजता पेला, मोबाइल लांब, आणि रोज एकाच वेळेला अंथरूण. पहिल्या रात्रीच फरक पडेल असं नाही. सात-आठ दिवस नेम टिकवला, तरच कळेल.